बंद घराचं रीडिंग

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी त्यांनी पाइप बुजवले. वेळ लिहून ठेवते, कारण उद्या सगळे म्हणतील की असं काही झालंच नव्हतं.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून दात घासत होते. समोर सोसायटीची मागची भिंत, भिंतीपलीकडे बाग. बाग म्हणायची! एके काळी तिथे गावभरचा कचरा पडायचा. मग वर माती घातली, हिरवळ लावली, घसरगुंडी बसवली. पण खालचा कचरा काही स्वर्गात गेला नाही. तो तिथेच कुजतोय, त्याचा गॅस होतोय, आणि तो गॅस सुटावा म्हणून जागोजाग पाइप उभे केलेत — तोंडं छत्रीच्या मुठीसारखी वाकवलेली. आमच्या भिंतीलगत तीन आहेत. वास येतो हे खरं. कुजक्या अंड्यांचा.

तर हौसेराव शिडीवर! आमचे चेअरमन. मार्केटमध्ये माथाडींचे मुकादम होते, आणि अजून बोलतात तसेच, जणू आम्ही सगळे सभासद म्हणजे गोणी. त्यांची दोन माणसं भिंतीपलीकडे. पाइपांच्या तोंडात चिंध्या कोंबल्या, वरून सिमेंट थापलं. झालं.

"अहो, हे काय चाललंय?"

"वासाचा बंदोबस्त, मॅडम! परवा बिल्डर यायचाय जागा बघाया. त्येच्या नाकात ह्यो वास गेला तर रिडेव्हलपमेंट बोंबलली म्हनून समजा."

"तो गॅस आहे, हौसेराव. इथून नाही तर दुसरीकडून निघेल."

"निघू द्या की! आपल्यात न्हाई आला म्हंजी झालं."

तोंड धुऊन मग बोलायला हवं होतं. फेसाळलेल्या तोंडाच्या बाईचं कोण ऐकणार!

१२ नोव्हेंबर

बाहेर वास नाही. जिन्यात सगळे एकमेकांचं अभिनंदन करताहेत. कशाचं? तीन बोळ्यांचं!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बिल्डर आला, गॉगल न काढता जागा बघून गेला. 'नाइस व्ह्यू' म्हणाला म्हणे. त्या व्ह्यूच्या पोटात काय आहे ते त्याला कोणी सांगितलं नाही.

चारला राहीबाई आली. अकरा वर्षं येतेय. तळमजल्यावर दोनच घरं, तिचं आणि माझं. बाकी पार्किंग. दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये एक भिंत. मुलगा रणजीत तुर्भ्याला कारखान्यात, सून सुनयना, आणि राहीबाई स्वतः मूळची कोरेगावकडची. खुर्चीवर कधी बसायची नाही, उंबऱ्यापाशीच. माझा चहा तिला कधी आवडलेला नाही. "गुप्तेबाई, ह्यो च्या हाय का पाय धुतल्यालं पानी?" हे रोजचं. आणि रोज दोन बशा पिऊन जायची.

आज म्हणाली, "बिल्डर आमाला अकराव्या मजल्यावर जागा देतोय. अकराव्या मजल्यावरनं मिश्री लावून थुकू कुठं मी? खालच्याच्या डोक्यात?"

हसले. किती दिवसांनी मोठ्याने हसले असेन.

मग तीच नाक फेंदारत म्हणाली, "तुमच्यात कसला वो वास येतोय?"

ओट्याखालचं दार उघडलं. सिंकचा पाइप जमिनीत जातो तिथून — अगदी तोच. कुजकी अंडी.

आला! बागेत कोंडलेला गॅस आमच्या घरात आला.

१४ नोव्हेंबर

हौसेरावांकडे गेले. शांतपणे सांगितलं, म्हणजे मला जमतं तितक्या शांतपणे. की हा गॅस वाट बंद झाली की मातीतून आडवा सरकतो. भिंतीखालून येतो, गटाराच्या पाइपाच्या कडेने घरात शिरतो. बंद जागेत साठला आणि ठिणगी पडली, तर भडका.

"भडका? आजपत्तूर भडका आमी फकस्त तुमच्या तोंडाचा बघितलाय, मॅडम."

बायको आतून हसली.

"आन खरं सांगू का? तुमी एकट्या ऱ्हाता. बोलाया मानूस न्हाई, ऐकाया मानूस न्हाई. मग नाकालाच सगळं काम. म्हनून तुमाला वास जास्त येतोय."

 चौतीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसले, मोठमोठ्या कारखानदारांना खोटं बोलताना पकडलं. आणि आज या एका वाक्यावर चप्पल घालून निघून आले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

महापालिकेच्या ऑफिसात जाऊन लेखी तक्रार दिली. खिडकीवरचा पोऱ्या म्हणाला, "घरात गॅस येतोय तर सिलिंडरवाल्याला फोन करा, आँटी." मी म्हटलं, मी तुझी आँटी नाही, आणि हा सिलिंडरचा गॅस नाही, हा तुम्ही जमिनीत पुरून ठेवलेला गॅस आहे. मग एक जरा शहाणे साहेब आले. म्हणाले, प्रयोगशाळेची माणसं पाठवू, मोजमाप करतील. पाइपांचं काय ते त्यानंतर. आधी रीडिंग हवं. रीडिंग नसेल तर तक्रार नुसता वास!

पोचपावती घेतली. शिक्का नीट उमटेपर्यंत हलले नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सोसायटीची मीटिंग. विषय एकच: गुप्ते मॅडम.

हौसेराव म्हणाले, जमिनीत गॅस आहे असं एकदा बाहेर कळलं की बिल्डर पळाला. मग बसा जन्मभर या गळक्या छपराखाली. यांचं काय जातंय? पुढंमागं कोण न्हाई यांच्या.

वरच्या मजल्यावरच्या नोकरी करणाऱ्या मुली, मी ज्यांची कुरियर घेते त्या, मोबाइलमध्ये बघत बसल्या.

ठराव: सोसायटीत कोणाच्याही घरात कसलाही वास नाही. हात वर करा.

सगळे हात वर. रणजीत मागे वळून म्हणाला, "आई, कर की हात वर." राहीबाईने केला. बांगड्या खळखळत कोपरापर्यंत आल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

वास तिनेच आधी ओळखला होता. मी तिचं नाव घेतलं नाही.

२४ नोव्हेंबर

चारला कोणी आलं नाही.

२५ नोव्हेंबर

आजही नाही. नाहीतर नाही! मला वाचायला भरपूर आहे.

२६ नोव्हेंबर

भिंतीपलीकडे ती लसूण ठेचतेय. खोकतेय. सुनेला काहीतरी बोलली, सून काहीतरी उलटून बोलली. मग राहीबाई एकटीच बराच वेळ बोलत होती, ज्वारी महाग झाल्याबद्दल असावं. मला शब्द कळत नव्हते. मी पुस्तक उलटं ठेवून ऐकत बसले. ही माझी आजची संध्याकाळ.

सिंकखालचा वास कधी असतो, कधी नसतो. आज आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

प्रयोगशाळेतून फोन! उद्या सकाळी दहाला येणार. कोणी नमिता म्हणून मुलगी आहे.

शेवटचं माणूस या घरात पाहुणा म्हणून कधी आलं? नळ दुरुस्त करणारा धरला नाही तर गेल्या दिवाळीत भाची. तीही चप्पल न काढता.

पडदे धुवायला टाकले. काकड्या, ब्रेड, लोणी आणलं. चांगले कप काढले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटतेय.

पहाटे पाचला उठले. सिस्टर बेनेडिक्टा शाळेत सांगायच्या, पाहुणा यायच्या आधी घराला वारा दाखवावा, माणसाने कोंदट घरात कोणाला बोलावू नये. साठ वर्षं पाळतेय. सगळ्या खिडक्या उघडल्या, दोन्ही दारं उघडली, पंखे पाचवर. फरशी पुसली. सिंकमध्ये सोडा आणि उकळतं पाणी ओतलं. ओट्याखालचं कपाट रिकामं करून, दार उघडं ठेवून, आत चक्क वर्तमानपत्राने वारा घातला. उदबत्ती मात्र लावली नाही — गॅस आहे ना! केवढा शहाणपणा!

नमिता अकराला आली. गळ्यात पिवळं मीटर, कानात गाणी. मीटरची नळी सिंकखाली घातली, मोरीत घातली, कोपऱ्याकोपऱ्यात फिरवली. शून्य. शून्य. शून्य.

दारात हौसेराव. बोलावलं नव्हतं. "लिवा, ताई! शून्य लिवा! मोठ्या अक्षरात लिवा!"

ते गेल्यावर नमिताने एक इअरफोन काढला. "मॅडम, खिडक्या कधीपासून उघड्या आहेत?"

"पाचपासून."

"पंखे?"

"पाचपासून."

"मग मी वाऱ्याचंच रीडिंग घेतलं ना! कोणी येणार म्हणून घर असं उघडतात का गॅसचं चेकिंग असताना?"

सँडविच खाता खाता तिने नियम सांगितले. हे आधी फोनवर सांगायचं असतं, पण ती विसरली. 'सॉरी हां, मॅडम, टेन्शन नका घेऊ.' तिने मोठ्या मनाने शुक्रवार, पाच डिसेंबरची पुन्हा तारीख दिली. आदल्या दिवशी सकाळपासून घर पूर्ण बंद. खिडक्या, दारं, स्वयंपाकाचा गॅस — सगळं. आत कोणी थांबायचं नाही. थांबणं धोक्याचं आहे, आणि दार उघडझाप झाली की रीडिंग वाया. या वेळीही शून्य आलं तर फाइल बंद, पाइपांकडे कोणी बघणार नाही.

"एक रात्र कुठे तरी जाऊन राहा. नातेवाईक असतीलच ना?"

"असतीलच!" मी म्हटलं.

ती गेल्यावर उरलेली सँडविचं मीच खाल्ली. उभ्यानेच.

३० नोव्हेंबर, रविवार

खांदेश्वरला भाचीला फोन केला. मैत्री. नाव मैत्री!

"अगं मावशी, ये ना! कधीही ये! फक्त गुरुवारी नको, माझ्या नणंदेकडचे येताहेत. तू जरा आधी सांगायचंस ना."

हो. मी त्या गॅसला विचारून ठेवायला हवं होतं.

मग वहीतले जुने नंबर काढले. विमा कंपनीतल्या दोघी. एकीचा मुलगा फोनवर आला, म्हणाला, आई मार्चमध्येच गेली. त्यानेच माझं सांत्वन केलं. दुसरीला मी नीट आठवले नाही. तिसरा नंबर लावलाच नाही.

१ डिसेंबर, सोमवार

वाशीला जाऊन दोन लॉज बघितले. पहिल्या ठिकाणी काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड उलटसुलट केलं. "लोकल आधार चालत नाही, मॅडम. याच शहरात घर आहे तर रूम कशाला पाहिजे?" दुसऱ्या ठिकाणी तेच, वर अशी नजर की जणू मी घरातून पळून आलेय. सत्तरीच्या बाईने पळून जायचं तरी कोणाबरोबर!

ज्या शहरात मी तीस वर्षं कर भरतेय, तिथे एक रात्र झोपायला मला जागा नाही, कारण मी इथलीच आहे.

परतताना बसमध्ये ठरवलं: घर बंद करायचं आणि आतच बसायचं. कोणाला कळतंय?

नंतर वाटलं, कळेल. मला काही झालं तर सगळ्यात आधी त्या वासानेच कळेल. आणि ठराव झालेला आहे की वास नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी ओला कचरा टाकायला गेले. राहीबाई डब्यापाशी वाकलेली. मला वाटलं, बघून वळेल. वळली नाही. कचऱ्याकडे बघतच बोलली.

"रणजीत आन सुनयना उद्या गावाला चालल्यात. हौसेरावबी. त्येंच्या पुतन्याचं लगीन हाय, शनवारी येनार. माजं गुडघं धरल्यात म्हनून मी हितंच."

"बरं."

"बरं काय! त्या मीटरवाल्या पोरीला बोलताना ऐकलं मी भिंतीतनं. माज्यात या झोपाया."

मी म्हटलं, "तुम्ही तर हात वर केलात."

"केला. घर रणजीतच्या नावावर, भाकरी त्येच्या चुलीवर. हात तेवडा माजा ऱ्हायलाय, त्योबी त्यो म्हनंल तवा वर करायचा." मग डब्याचं झाकण आपटलं. "येताय का न्हाई? का त्येचाबी अर्ज द्यावा लागंल?"

४ डिसेंबर, गुरुवार

राहीबाईच्या पलंगावर बसून लिहितेय. सकाळी दहाला माझं घर बंद केलं, खिडक्यांच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलं. किल्ली कमरेला.

अकरा वर्षांत मी या घरात पाच मिनिटांच्या वर कधी बसले नव्हते. नेहमी तीच माझ्याकडे. रणजीतने घर चकाचक केलंय. नव्या टाइल्स, गॅलरी काचेने बंद, एसी. हवा अशी नाहीच कुठून. राहीबाई म्हणाली, "पेटीत घातल्यागत वाटतंय. सकाळी उटल्यावर डोकं ह्ये एवढं. डाक्टर म्हनतोय बीपी."

मला मीठ जास्त लागतं हे तिला माहीत नव्हतं. तिला अंधारात झोप येत नाही हे मला माहीत नव्हतं. भिंतीतून इतकं ऐकू येतं, पण हे नाही.

दुपारी तिने मला विचारलं, "लगीन का न्हाई वो केलं?" सगळ्या जन्मात हा प्रश्न लोकांनी मला टोमणा म्हणून विचारला. तिने विचारला तसा, जसं कोणी विचारावं की भात का नाही घेतला. मी खरं ते सांगितलं. इथे नाही लिहीत.

५ डिसेंबर, शुक्रवार



डोकं जड होतं सकाळी. वाटलं, परक्या उशीमुळे. नमिता दहाला आली आणि माझं घर बंद म्हणून किल्ली मागायला राहीबाईच्या दारात उभी राहिली. मीटर तिने गेटपाशीच चालू केलं होतं. आम्ही दार उघडलं. ती आत एक पाऊल टाकते तोच मीटर टिवटिवायला लागलं.

"हे घर कोणाचं?"

"राहीबाईचं. माझं शेजारचं."

तिने कानातलं काढून खिशात टाकलं. पहिल्यांदाच दोन्ही. ओट्याखालचं घट्ट बंद कपाट उघडून नळी घातली तर वासाचा भपका आला आणि मीटर नुसतं किंचाळायला लागलं. राहीबाई म्हणाली, "थांब, पंखा लावते, वास जाऊ दे," आणि एक्झॉस्टच्या बटनाकडे हात नेला.

नमिता अशी ओरडली! "हात लावू नका! कशालाच लावू नका! बाहेर व्हा!"

बटनापासून बोटभर अंतर. बटनात ठिणगी उडते. हे मला माहीत होतं. मी हौसेरावांना सांगितलं होतं. आणि त्या क्षणी मी काय केलं? काही नाही. उभी राहिले.

नमिताने काचा उघडल्या, बाहेर पायरीवर बसलो दोघी. राहीबाईने पदर तोंडाला लावला होता. म्हणाली, "रोज सकाळी च्या ठेवताना त्योच पंखा लावते मी."

मग नमिता माझ्या घरात गेली. चोवीस तास बंद घर. शून्यच! म्हणजे नावापुरतं काहीतरी, धोका नाही. खिडक्या वाकड्या, दारं फुगलेली, फरशी जुनी, फटीफटीतून वारा. वर्तमानपत्राने काय थांबणार! माझं घर गळकं म्हणून मी वाचले, आणि त्यांचं घर चांगलं म्हणून —

८ डिसेंबर, सोमवार

आज पाइप मोकळे केले. महापालिकेची माणसं आली, सिमेंट फोडलं, चिंध्या ओढून काढल्या. बागेत पुन्हा वास. हा वास मला एवढा आवडेल असं वाटलं नव्हतं.

हौसेराव भिंतीशी उभे होते. मान खाली, पण आवाज तसाच. "बिल्डर गेला, मॅडम. झालं समाधान?"

"राहीबाई जिवंत आहे," मी म्हटलं. "झालं."

राहीबाईचं घर पंधरा तारखेपर्यंत रिकामं करायला सांगितलंय, तोवर काचा उघड्याच; मग गॅस पूर्ण ओसरेपर्यंत बंद. महिना, दोन महिने. पुन्हा पुन्हा मोजणार. रणजीत आणि सुनयना कोपरखैरण्यात मित्राच्या एका खोलीत जाणार. आणि आईला गावाला सोडणार. तिथे कोण आहे? कोणी नाही. बंद घर आणि चुलत दीर.

रणजीतला जिन्यात गाठलं. म्हणाला, "आता काय बोलू नका, मॅडम. बरोबर होतात तुमी. पण तुमच्या बरोबर असण्यानं आमचं घर गेलं." आणि म्हणाला, गावाला सोडली की आईचं तिकडंच बघू. परत आणायचं अवघड आहे.

मी जिंकले. शिक्का आहे, रीडिंग आहे, ऑफिसचं पत्र आहे.

९ डिसेंबर

भिंतीपलीकडे सामान बांधताहेत. खोकला ऐकू येत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

उद्या सकाळी रणजीतच्या दाराखालून हे सरकवायचं. इथे नक्कल ठेवतेय.

श्री. रणजीत यांस,

माझ्या घरात सगळ्या खिडक्या बंद ठेवून मोजलं, गॅस सापडला नाही. प्रयोगशाळेचा कागद जोडला आहे. आतली खोली रिकामी आहे. दवाखाना जवळ आहे, गावाला नाही. तुमच्या आई महिनाभर, दोन महिने, किंवा त्यांना वाटेल तितके दिवस इथे राहू शकतात. हे पत्र तुम्हाला लिहिलं आहे, पण त्यांना वाचून दाखवावं. संपूर्ण. आणि हात त्यांनी स्वतःहून वर करावा.

उपकार म्हणून लिहीत नाही. मला गरज आहे.

लेखी उत्तर रविवार, १४ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत हवं. नुसतं 'हो' लिहिलं तरी पुरे.